वायव्येकडून येणारा ठिपका

परवा धामणकर नाक्यावरून शेअर रिक्षाने घरी येत होते. अंजूरफाटा मागे पडला, कंटेनरांची रांग संपली आणि दोन गोदामांच्या मधल्या चिंचोळ्या तुकड्यात कुणीतरी कापलेलं भात पसरून ठेवलेलं दिसलं. रिक्षा वेगात होती, पण वास मागे लागला. ओलसर पेंढ्याचा, थोडा मातीचा, थोडा खाडीवरच्या खाऱ्या वाऱ्याचा. शेजारी बसलेल्या मुलीने नाकाला ओढणी लावली. तिच्यापर्यंत बहुधा डिझेलच पोचलं असावं. मी मात्र थेट अंजूरमधल्या माझ्या पहिल्या सुगीत जाऊन पडले. दोन हजारनंतरची ती सुरुवातीची वर्षं. आमच्या घरात तेव्हा सगळेच सगळ्यांकडे डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघत होते, आणि सगळ्यात जास्त माझ्याकडे.

सुगीबद्दल लोक गोड बोलतात. नवा तांदूळ, खळ्यातली झोडणी, थंडीतली शेकोटी. ते सगळं होतंच. नव्या तांदळाच्या भाकरीला जी पांढरी वाफ येते, ती मी त्याच वर्षी पहिल्यांदा पाहिली. पण त्या वाफेच्या पलीकडे बसलेली माणसं एकमेकांचं बोलणं तोलून बघत होती, आणि मला आधी आठवतं ते तेच.

मी कामतघरची. आमच्या चाळीच्या खाली, मागे, समोर लूमच लूम, कापड विणणारे यंत्रमाग. ती खटखट थांबली की लाइट गेली, हे झोपेतही कळायचं आणि उलट जागच यायची. लग्न होऊन अंजूरला आले, तर इथे दिवेलागणीनंतर रातकिड्यांशिवाय काही नाही. आवाजात वाढलेल्या माणसाला शांततेत आधी धडकीच भरते. मग तो कान देऊन ऐकायला लागतो. आणि कान दिला की भिंतीपलीकडची कुजबुजही ऐकू येते.

कामतघरच्याच एका शाळेत मी विज्ञान शिकवत होते. लग्नानंतरही नोकरी चालू राहील, हे आधीच बोलून घेतलं होतं. शाळा सुटली की मी धामणकर नाक्यावरच्या एका सायबर कॅफेत डोकावायची. तिथे एक संकेतस्थळ उघडायचं. आपल्या गावाचे अक्षांश-रेखांश दिले, की येत्या दिवसांत कुठला उपग्रह कधी, कुठल्या दिशेला उगवणार, डोक्यावरून जाणार की क्षितिजाला घासून, ते सगळं त्यावर यायचं. माझं लक्ष असायचं ते अवकाश स्थानकावर. अनेक देशांनी मिळून बांधलेलं, आत माणसं राहत असलेलं, दीडेक तासात पृथ्वीला एक फेरी मारणारं. कॅफेतला प्रिंटर कायम बिघडलेला. मग मी वेळा आणि दिशांचे अंश बॉलपेनने तळहातावर लिहून घ्यायची आणि रिक्षात मूठ मिटून बसायची, घामाने पुसू नयेत म्हणून.

हा नाद कॉलेजात असताना लागला. कुठल्यातरी मासिकात वाचून एका संध्याकाळी चाळीच्या गच्चीवर उभी राहिले. आणि ज्या बाजूला सांगितला होता, त्याच बाजूला एका उपग्रहाचा ठिपका उगवला. लुकलुकत नव्हता, आवाज नव्हता, विमानासारखे लाल-हिरवे दिवे नव्हते. एकसारखा, शांत, सरळ चालत आला आणि गेला. सांगितलेल्या वेळेला, सांगितलेल्या जागी कुणीतरी येणं, हे तोवर माझ्या आयुष्यात फारसं घडलं नव्हतं. त्या दिवशी मी किती वेळ तिथेच उभी होते.

अंजूरच्या घराला गच्ची होती. जुनं कौलारू छप्पर काढून सासऱ्यांनी स्लॅब टाकला आणि त्याच वर्षी ते गेले. गच्चीवर एका बाजूला पेंढा रचलेला, दुसरीकडे दोरीवर बोंबील वाळत. वायव्येला आमचं खाडीकडचं शेत, त्याच्या कडेने अंजूरफाट्याकडून येणारा रस्ता. उपग्रह बऱ्याचदा वायव्येकडूनच उगवायचा. म्हणजे मी संध्याकाळी गच्चीवर जाऊन जिकडे तोंड करून उभी राहायची, तिकडे आभाळ होतं आणि त्याच्या बरोबर खाली रस्ता.

आता शेताचं सांगते. ते शेत सासरे आणि त्यांचे धाकटे भाऊ नामदेवकाका, दोघांच्या नावावर. काकांना ते विकायचं होतं. आजूबाजूला भराव पडायला लागला होता, गोदामांचे पत्रे चढायला लागले होते. माझ्या सासूबाई, ज्यांना मी आई म्हणते, त्या नाही म्हणत होत्या. मग एक एजंट यायला लागला. पांढऱ्या जीपमधून यायचा, बांधावर उभा राहायचा, मावशी-मावशी करायचा. त्याचं येणं कुणाला खटकलं नसतं. खटकलं ते त्याला सगळं आधी माहीत असणं. आई भावाकडे सल्ल्याला गेल्या, तर हा दुसऱ्या दिवशी विचारतो, "मामा काय म्हणाले?" एकदा जेवताना आई म्हणाल्या, भात निघालं की शेताला काटेरी कुंपण घालून टाकू. ताटावर आम्ही तिघंच होतो, आई, विलास आणि मी. दुसऱ्या दिवशी सकाळी एजंट बांधावर हजर.

"कुंपण कशाला घालताय मावशी? उगाच खर्च."

आई तशाच मागे फिरल्या. घरी आल्या, पायावर पाणी घेतलं आणि चुलीपुढे बसून राहिल्या. माझ्याकडे एकदाच बघितलं, तेही चेहऱ्याकडे नाही. माझ्या उजव्या तळहाताकडे, जिथे निळ्या शाईचे आकडे होते.

आता विचार केला तर त्यांचं काही चुकलं असं वाटत नाही. विलास त्यांचा एकुलता मुलगा, एका गोदामात सुपरवायझर, ड्युटी संपवून सरळ घरी येणारा. आणि मी कोण? बाहेरून आलेली, शहरातली. हातावर रोज नवे नंबर. पर्समध्ये होकायंत्र. बॅटरीला लाल कागद गुंडाळलेला. अंधाराला सरावलेले डोळे दिपू नयेत आणि घड्याळही दिसावं म्हणून. पण हे कुणाला सांगणार? दिवेलागणीला, जेव्हा सून तुळशीपुढे असायला हवी, तेव्हा ही गच्चीवर चढून रस्त्याकडे तोंड करून लाल दिवा लावते.

नामदेवकाकांच्या घरातून गच्ची दिसायची. पाणवठ्यावर काकी आईंना म्हणाल्याच, "वहिनी, तुमची सून बॅटरी दावते कोनाला तरी. आमी बगितला डोल्यांनी."

मला हे नंतर कळलं. तेव्हा फक्त एवढं जाणवलं, की मी घरात शिरले की बोलणं थांबतं. माझी पर्स मी ठेवली होती त्यापेक्षा थोडी तिरकी दिसते. विलासला मी उपग्रहाचं सांगितलं होतं. तो हसला होता. "बघ तू, मला काय कळणार त्यातलं," म्हणाला होता. पण आईंना तो काहीच बोलला नाही. त्याने एक वाक्य बोलून टाकलं असतं तर सगळं तिथेच मिटलं असतं. का बोलत नाही, असं मला तेव्हा वाटलं नाही. नवीन लग्न झालेल्या बाईला बऱ्याच गोष्टी वाटत नाहीत.

एका संध्याकाळी मी गच्चीवर होते. झोडणीचा बारीक तूस हवेत तरंगत होता, सगळं आभाळ राखाडी-गुलाबी. जिन्यावर पावलं वाजली नाहीत, पण बांगड्या वाजल्या. वळून बघितलं तर आई पेंढ्याच्या आडोशाला उभ्या.

"काय गो, इतक्या थंडीत वर कोनाची वाट बगतंस?"

"उपग्रहाची, आई."

"कोनाची?"

"माणसांनी आभाळात सोडलेला असतो. पृथ्वीभोवती फिरतो. आता येईल तो."

आईंनी आभाळाकडे बघितलंच नाही. त्या रस्त्याकडे बघत होत्या. दुर्दैव असं, की त्या दिवशी तो अगदी खालून जाणार होता, क्षितिजाच्या जवळून. शेजारच्यांची नारळाची झाडं मध्ये आली. मी बोट दाखवत राहिले, "तिकडे, तिकडे, झावळ्यांच्या मागे," आणि त्यांना काहीच दिसलं नाही. दिसली ती रस्त्याने सावकाश गेलेली पांढरी जीप.

"बगितला तुजा उपग्रह," आई म्हणाल्या आणि खाली गेल्या.

त्या रात्री मला पहिल्यांदा भीती वाटली. माहेरी पाठवून देणं म्हणजे काय, ते आमच्या चाळीत मी दोनदा पाहिलं होतं. ट्रंक घेऊन आलेली बाई आधी चार दिवस पाहुणी असते. नंतर तिच्याबद्दल सगळे हळू आवाजात बोलतात.

दुसऱ्या दिवशी मीच आईंना म्हटलं, "आज तो बराच वरून जाणार आहे. सात वाजायच्या आत. तुम्ही या. नाही आला तर तुम्ही म्हणाल ते खरं."

त्या आल्या. पदर डोक्यावरून घट्ट ओढून, हात बांधून, कोर्टात बसल्यासारख्या पेंढ्यावर बसल्या. मी लाल बॅटरी त्यांच्याच हातात दिली. होकायंत्राची सुई दाखवली. "या दिशेला बघा." वेळ जाता जाईना. मग शेताच्या पार टोकाला, धुरकट पट्ट्याच्या वर, तो उगवला. आधी मिणमिणता, मग वर चढता चढता इतका लखलखीत, की आजूबाजूच्या चांदण्या फिक्या पडल्या.

"इमान हाय," आई म्हणाल्या.

"आवाज येतोय का?"

त्यांनी कान दिला. नाही म्हणाल्या. ठिपका आमच्या डोक्यावर आला, पूर्वेकडे कलला आणि मोकळ्या आभाळात, ढग नसताना, झाड नसताना, हळूहळू तांबूस होत विझून गेला.

आई ताडकन उभ्या राहिल्या. "पलाला! कुठं लपला तो? बगितलंस, आपन बगतो म्हनून लपला!"

मला हसू आलं, पण हसले नाही. त्यांना सांगितलं, की त्याला स्वतःचा दिवा नसतो. तो इतका उंच असतो, की आपल्याकडे सूर्य बुडाला तरी त्याच्यावर ऊन पडत असतं, म्हणून चमकतो. मग तो पुढे जातो आणि सावलीत शिरतो.

"कोनाची सावली?"

"आपलीच. या जमिनीची. रात्र म्हणजे आपलीच सावली ना."

त्यांनी बॅटरी माझ्या हातात दिली आणि जिना उतरताना एवढंच म्हणाल्या, "उद्या कवा?"

त्यानंतर त्या रोज यायला लागल्या. विश्वास ठेवून नव्हे, पाळतीवर. मी चुकते कुठे, ते पकडायला. आणि त्यांचे प्रश्न असे असायचे, की मला शाळेत कुणी कधी विचारले नव्हते. रोज वेळ का बदलते? काल डोक्यावर, आज खाडीवर, असं का? त्याला कोणी चालवतं का? आपलं घर त्याला दिसतं का? "वरून तो आपली जमीन मापत असेल तर?" त्या वर्षी तो प्रश्न वेडगळ नव्हता. एजंटाकडे आमच्या शेताचा वरून काढलेला फोटो होता. बांध, विहीर, सगळं त्यात दिसत होतं. आईंनी तो पाहिला होता. आपण आपल्याच शेतात वाकून कापणी करतो आणि वरून कुणीतरी बघतं, ही कल्पना त्यांना सहन होत नव्हती.

मी म्हटलं, "हा त्यातला नाही. यात माणसं राहतात. आणि हा आपल्यासाठी थांबत नाही, थांबूच शकत नाही. थांबला तर पडेल."

"मंग आता का पडत न्हाय?"

"पडतोच आहे. पण इतक्या जोरात पुढे चाललाय, की तो जेवढा खाली येतो तेवढीच गोल जमीन त्याच्याखाली वळलेली असते. पडत पडत तो फिरतच राहतो."

हे त्यांना पटलं नाही. मग एका रविवारी मी देवापुढचा नारळ मागून घेतला आणि माहेरून आणलेला लूमचा लाल धागा. ओटीवर बसून आईंच्या हातात नारळ दिला. "ही पृथ्वी. तुम्ही हळूहळू फिरवा." मी धागा तिरका धरला, हात त्याच तिरकसपणात ठेवला आणि नारळाभोवती गुंडाळत गेले. माझा हात तिथेच फिरत होता, पण नारळ वळत असल्यामुळे प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याच्या शेजारी पडत होता, थोडा पश्चिमेला सरकून. नारळावर मी खडूने अंजूरची खूण केली होती. एकदा धागा तिच्यावरून गेला. पुढच्या वेढ्याला अंजूर पुढे निघून गेलं होतं आणि धागा अरबी समुद्रावर पडला.

आईंनी नारळ फिरवणं थांबवलं. खूण निरखली. धाग्याचा वेढा नखाने थोडा सरकवून बघितला. "म्हंजे तो आपल्यावर येत न्हाय," त्या सावकाश म्हणाल्या. "त्याची वाट ठरलेली हाय. आपनच त्याच्या खाली जातो."

"बरोबर."

"मंग तो आपल्या शेतासाठी येत न्हाय."

"नाही, आई."

मला वाटलं, संपलं. उपग्रह सुटला, मीही सुटले. पण आईंच्या कपाळावरची आठी गेली नाही, उलट खोल झाली. आज कळतं का. वरचा चोर निर्दोष ठरला की खालचा शोधावा लागतो. कुंपणाची गोष्ट ताटावरून बाहेर गेली होती आणि ताटावर तिघंच होतो.

मग काही आठवडे तो संध्याकाळी दिसायचा बंद झाला. कक्षा अशी सरकत जाते, की कधी तो आपल्यावरून भरदुपारी जातो, कधी मध्यरात्री सावलीतून, कधी पहाटे. मी आईंना आधीच सांगून ठेवलं होतं. पण नेमकी त्याच दिवसांत पांढरी जीपही फिरकली नाही. काकींनी लगेच जोडून टाकलं. "दिवा बंद, जीप बंद." गावात हे वाक्य फिरलं. किराणावाल्याकडे गेले, तर दोन बायका माझ्याकडे बघून गप्प झाल्या. योगायोगावर कुणी विश्वास ठेवत नाही. मीसुद्धा ठेवला नसता.

पौषात तो संध्याकाळी परत आला. भात कधीच घरात आलं होतं, शेतात वाल हात-हातभर वाढले होते. मी आणि आई गच्चीवर. थंडी अशी, की आईंनी सासऱ्यांची जुनी शाल घेतली होती. आम्ही वायव्येला बघत होतो. खाली रस्त्यावर, वळणाजवळच्या मोरीपाशी एक गाडी थांबली. दिवे विझवलेली. दार उघडलं तसा आतला छोटा दिवा लागला आणि त्या पिवळ्या उजेडात दोन चेहरे दिसले. एक एजंट. दुसरा विलास. तो कशावरून तरी हसत होता. उतरला, खिडकीतून हात आत घालून त्याच्याशी हात मिळवला आणि पिशवी खांद्याला लावून पायी घराकडे चालायला लागला, फाट्यावरून रिक्षाने उतरून आल्यासारखा. गाडी दिवे न लावताच मागे वळली.

"आला," आई म्हणाल्या.

वर बघून म्हणाल्या की खाली बघून, ते मला आजही माहीत नाही. कारण त्याच वेळी धुक्याच्या वर तो ठिपकाही उगवला होता. आम्ही दोघींनी तो शेवटपर्यंत पाहिला, सावलीत जाईपर्यंत. आईंचा श्वास मला ऐकू येत होता.

जेवताना आईंनी विचारलं, "आज उशीर?"

"फाट्यावर रिक्षाच मिळत नव्हती," विलास म्हणाला.

आईंनी त्याच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. मी पाण्याचा तांब्या पुढे केला. तो दोघींकडे बघून हसला, तेच गाडीतलं हसू.

त्यानंतरचे दिवस मला सुगीतल्या सगळ्या दिवसांपेक्षा लांब वाटले. मी आईंच्या तोंडाकडे बघायची आणि त्या माझ्या. विलासला विचारावं असं शंभर वेळा वाटलं. पण विचारलं तर तो आईंपुढे सावध होईल, आणि मग दोष कुणाकडे जाईल, ते मला दिसत होतं. आणि आई? आई बोलत का नव्हत्या? मला वाटायला लागलं, की त्या हिशेब करत असणार. मुलगा एकच आहे. सुना मिळतात. गावाने सुनेला आधीच चोर ठरवलेलं आहे. गप्प राहिलं तर मुलाची अब्रू झाकली जाते. इतके दिवस त्या माझ्यावर पाळत ठेवत होत्या, आता मी त्यांच्यावर ठेवायला लागले. कपाट लावताना माझ्या साड्या त्या वेगळ्या काढून ठेवत नाहीत ना, तेही बघून झालं.

मग एका रविवारी सकाळी नामदेवकाकांनी भावकीतल्या वडीलधाऱ्यांना बोलावलं. शेताचं एकदा ठरवून टाकू म्हणाले. काकांच्या ओटीवर सतरंजी, चहाचे कप, पाच-सहा जाणती माणसं. विलास खांबाला टेकून. मी दाराशी, आईंच्या मागे. काकांनी आधी भाव, भराव, सरकारी रस्ता, असं बरंच काही सांगितलं. मग म्हणाले, "वहिनीचा माझ्यावर संशय हाय. घरातली गोष्ट बाहेर जाते म्हनतात. जाते ना! पन माझ्या घरातून न्हाय. ज्यांच्या घरातून जाते, त्यांनी आपली गच्ची बगावी. संध्याकाळी लाल बत्ती कोन लावतो, हातावर नंबर कोन लिवून आनतो, ते सगल्या गावाला ठाऊक हाय."

सगळे माझ्याकडे वळले. मी विलासकडे बघितलं. तो चहाच्या कपात बघत होता.

आई उठल्या. त्या मोठ्याने बोलणाऱ्या बाई, पण तेव्हा आवाज इतका खाली होता, की लोकांना पुढे वाकावं लागलं.

"बत्ती मीच धरते आता," त्या म्हणाल्या. "माझी सून आभालात बगते. आभालातल्याला आपल्या शेताशी काय देना-घेना न्हाय, ते मी नारलावर बगितलंय. शेताची गोष्ट माझ्या घरातून गेली, ते खरा हाय. पन सुनेनी न्हाय नेली." मग त्यांनी विलासकडे बोट केलं नाही, नुसतं बघितलं. "ज्यानी नेली तो मोरीजवल गाडीतून उतरतो आनि मना सांगतो रिक्षा भेटली न्हाय. माझा पोरगा हाय तो. लाज त्याची न्हाय, माझी हाय. म्हनून मी बोलते."

कुणीतरी कप खाली ठेवला. काकांच्या चेहऱ्यावर आश्चर्य दिसायला हवं होतं. मी नीट बघत होते, दिसलं नाही. त्यांना आधीपासून ठाऊक होतं का, हे मी त्यांना पुढेही कधी विचारलं नाही आणि त्यांनी कधी सांगितलं नाही.

विलास म्हणाला, "मी काय चोरी केली का? नुसतं बोललो. तिथे गोदाम झालं तर लेबरचं काँट्रॅक्ट मला देणार होते. जन्मभर दुसऱ्याच्या शिफ्ट करू का?" त्याचा आवाज फुटला. खोटं बोलणाऱ्याचा नव्हता तो आवाज, थकलेल्याचा होता. म्हणून मला जास्त राग आला.

त्या दिवशी काही ठरलं नाही. शेत आणखी काही वर्षं राहिलं. मग चारही बाजूंनी भराव पडला, पावसाचं पाणी निघायला वाट राहिली नाही, भात कुजायला लागलं आणि आईंनीच एके दिवशी विकायला हो म्हटलं. कागदावरची प्रत्येक ओळ त्यांनी माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतली, विलास आणि काका समोर बसलेले असताना. काँट्रॅक्ट विलासला मिळालं नाही. तो आजही ड्युटीवरच जातो.

त्या रविवारी काकांच्या ओटीवरून उतरून आम्ही घरी चाललो होतो. आई पुढे, झपझप. आम्ही दोघं मागे. वालाच्या वेलींवर ऊन आलं होतं.

"तुला माहीत होतं?" विलासने विचारलं.

"हो. आम्ही दोघींनी बघितलं होतं."

"मग मला आधी विचारलं का नाहीस? बायको आहेस ना माझी?"

"माझ्यावर आळ आलाय, हे तुम्हाला माहीत होतं?"

तो थांबला. पुढे आई मागे वळून न बघता चालत राहिल्या.

"हो," तो म्हणाला.

इतकी वर्षं झाली. आमचा संसार झाला, मुलगी झाली, ती आता कॉलेजात जाते. विलास वाईट माणूस नाही. त्यानंतर त्याने आमच्याशी कधी खोटं बोलल्याचं मला तरी सापडलेलं नाही. आईंनी सत्तरी ओलांडली, गुडघे गेले. विश्वास परत आला का, असं मला कुणी विचारलं तर मी आला म्हणेन, आणि ते खोटं ठरणार नाही.

फक्त एक आहे. परवा रिक्षातून उतरून घरात आले, पर्स ठेवली, तेवढ्यात विलासचा मोबाइल वाजला. त्याने नंबर बघितला आणि बोलायला म्हणून अंगणात गेला. मी हातातलं काम टाकून खिडकीपाशी गेले. तिथे मला जागा नव्हती. भिंतीला धरून, गज पकडून, माझ्या आधीच तिथे आई उभ्या होत्या.